शेरा

गंगापूर धरणाच्या भिंतीखाली, तारेच्या कुंपणात
तांब्याचं एक गोल पात्र आहे, पांढरं रंगवलेलं.
कुणी विचारलं की मी सांगतो, सरकारी परात.
सकाळी साडेआठला मी तिच्यावर वाकतो.
आत एक सुई उभी असते, टोक वर करून.
काल त्या टोकाला टेकवून ठेवलेलं पाणी
आज खाली गेलेलं असतं.
मोजपात्रानं पुन्हा टोकापर्यंत भरायचं,
किती लागलं ते वहीत लिहायचं.
एवढीच नोकरी.

मला हे बाळनाथ मोगलांनी शिकवलं.
म्हणायचे, ओतायची घाई नको,
टोक बुडालं की दिवस बुडाला.
एकतीस वर्षं त्यांनी गेलेलं पाणी लिहिलं.
आलेल्याची वही दुसऱ्या टेबलावर.

कुठं गेलं, याला रकाना नाही.
अण्णा म्हणायचे, वारा बघ.
वैशाखात तो घाट चढून येतो,
त्र्यंबकच्या डोंगराला खांदा घासत,
आणि इथलं उचलून निफाडकडे निघतो.
तिथं डिसेंबरात, पहाटे चारला,
द्राक्षाच्या पानांवर ते गोठून बसलेलं दिसेल.
बागाईतदार शेकोट्या पेटवून हाकलतात त्याला.
आपलंच आहे रे ते, ओळख दाखव.
ब्रह्मगिरीवर तर एकाच ढगाची वाटणी:
पाठीवर पडला तो थेंब वैतरणेतून मुंबईच्या नळाला,
पोटावर पडला तो आपला,
मग पैठणचा,
मग राजमहेंद्रीच्या पुलाखालून समुद्राचा.
भांडण नाही काही. एक वीत इकडं की तिकडं, एवढंच.
फक्त मार्चमध्ये जे पाणी
द्राक्षांच्या सालीत बसून कंटेनरनं परदेशी जातं
ते परत कोणत्या वाटेनं येतं,
हे अण्णांनाही माहीत नव्हतं.

आता अण्णांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलंय.
आठवड्यातून दोनदा, द्वारकेजवळच्या दवाखान्यात,
चार तास एक यंत्र त्यांच्यातलं पाणी काढून घेतं.
प्यायला दिवसाला पाऊण लिटर,
त्यातच चहा, त्यातच वरण, त्यातच गोळीमागचा घोट.
उशाशी मापाचं भांडं आणि वही,
हातानं आखलेली, थेट आमच्यासारखी.
आलं. गेलं.

रविवारी मी जातो. ते विचारतात, आज किती?
नऊ पॉइंट चार.
डोळे मिटून ते आकडा जिभेवर धरतात.
चैन आहे बाबा परातीची, म्हणतात.
माझे घोटे बघ. माझ्यातलं हलत नाही.
शेवंताकाकू ओला पंचा कपाळावर ठेवतात,
तासाभरात तो वाळतो.
मी हातात घेतो. हलका.
यातलं गेलेलं लिहिलंत का?
अण्णा चष्मा तोंडाजवळ नेतात, हा करून फुंकतात,
काच धुरकटते, मग कडेकडेनं साफ होत जाते.
हे पण जातं, म्हणतात. याला रकानाच नाही डॉक्टरकडे.
आणि तेवढ्यासाठी कितीतरी वेळ हसतात,
इतकं की काकू भांडं बाजूला सरकवतात.

सोमवारी परातीवरची जाळी एका अंगानं उचकटलेली.
काठावर कावळा.
चोच बुडवून, मान वर करून, घोट घोट.
नियम असा, की हाकलावं
आणि त्या दिवसाचा आकडा बाद धरावा.
मी हाकललं नाही.
हात मागं बांधून उभा राहिलो
त्याचं होईपर्यंत.
तो धरणाच्या भिंतीवरून पलीकडं उडाला,
मग मी सुईपर्यंत भरलं
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
कावळा प्याला. किती, ते मोजता आलं नाही.
गेलं नाही कुठं, पुढं गेलं.

शाखा अभियंत्यांनी शेवटची ओळ लाल शाईनं खोडली.
कावळा राहू दिला.